कीचक, कर्झन आणि खाडिलकर

सत्तेवर उघड प्रहार करणे अशक्य होते, तेव्हा समाज पुराणांकडे वळतो. राजसत्ता उलथून टाकणाऱ्या फ्रेंच क्रांतिकारकांनी जनशक्तीला हर्क्युलिसचे रूप दिले. महाराष्ट्रात हे कार्य भीमाने केले आणि त्याचे सूत्रधार होते नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर.

सांगलीत १८७२ साली जन्मलेले खाडिलकर तरुणपणीच टिळकांच्या सहवासात येऊन ‘केसरी’त दाखल झाले. नेपाळात कौलांच्या कारखान्याआडून शस्त्रे घडविण्याचा त्यांचा बेत फसला, पण त्यामागील तळमळ विझली नाही. वंगभंग लादणारे लॉर्ड कर्झन १९०५ साली व्हाइसरॉयपद सोडून मायदेशी परतले आणि १९०७ साली ‘कीचकवध’ रंगभूमीवर अवतरले.

विराटपर्वातील कथा घरोघर ठाऊक असल्याने प्रेक्षकाला काही समजावून सांगावे लागले नाही. मदांध कीचकात त्याला कर्झन दिसला, विटंबिलेल्या सैरंध्रीत भारतमाता, धीर धरण्याचा उपदेश करणाऱ्या युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल पक्ष. नाटकात इंग्रजांचा नामोल्लेखही नव्हता. त्यामुळे सरकारपुढे मोठाच पेच उभा राहिला. १९१० साली १८७६च्या नाट्यप्रयोग कायद्याचा आधार घेऊन बंदी घातली गेली खरी; परंतु तसे करताना कीचक हा आपलाच प्रतिनिधी होय, हे सरकारला एका परीने कबूल करावे लागले!

टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना खाडिलकरांनी ‘केसरी’च्या संपादनाची धुरा वाहिली. पुढे ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ यांनी संगीत रंगभूमीला वैभव दिले. १९२३ साली त्यांनी ‘नवाकाळ’ सुरू केला आणि १९२९ साली त्यातील लेखनाबद्दल राजद्रोहाची शिक्षाही भोगली. स्वातंत्र्याची पहाट पाहून १९४८ साली ते निवर्तले.

ज्या कायद्याने ‘कीचकवधा’चा गळा दाबला, तो रद्द होण्यास मात्र २०१८ साल उजाडावे लागले. आणि महाराष्ट्रात आजही नाटकाची संहिता प्रयोगापूर्वी परिनिरीक्षण मंडळापुढे ठेवावी लागते. खाडिलकरांचे नाव अभिमानाने घेणाऱ्या राज्याने या विसंगतीचा विचार करावयास हवा. पुराणातील खलनायकात राज्यकर्त्यांना स्वतःचा चेहरा दिसू लागला, तर त्यांनी नाटकाची संहिता तपासण्यापेक्षा आपला कारभार तपासावा, हेच श्रेयस्कर.