डिग्री नसलेला पक्षीवेडा

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा आपल्या महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ तारखेला डॉ. सालिम अलींचा. २०२० साली सरकारने तसं ठरवलं. शाळाशाळांतून पोस्टर लागतात, भाषणं होतात. पण या दिवसांत मला आठवतात त्या आपल्या राजुऱ्याच्या, चंद्रपूरच्या, गडचिरोलीच्या मुली. बी.एस्सी. झालेल्या, जंगलाचं वेड असलेल्या आणि कुठल्या तरी संस्थेत प्रशिक्षणार्थी म्हणून घ्या हो, असा अर्ज करणाऱ्या. महिन्याला थोडंफार मानधन, राहायला एक खोली आणि काम म्हणजे पहाटेपासून रानात फिरून नोंदी करायच्या. घरचे विचारतात, हे झाल्यावर पुढे काय? वेकोलित नाही, सिमेंट कंपनीत नाही, बँकेत नाही, मग पोरगी जंगलात जाऊन करणार काय?

प्रश्न चुकीचा नाही. आईबापाला तो पडणारच. म्हणून आज सालिम अलींची गोष्ट सांगते. पुस्तकात असते ती मोठेपणाची नव्हे, तर त्यांच्या नोकरीची! ती फारशी कुणी सांगत नाही.

सालिमचा जन्म मुंबईचा, १८९६ सालचा. भावंडांत सगळ्यात धाकटा. वर्षाचा असताना वडील गेले, तीन वर्षांचा असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी या लेकरांना खेतवाडीतल्या आपल्या घरी वाढवलं. सुरुवातीची शाळा कोणती माहीत आहे? गिरगावातली मुलींची शाळा! दोन बहिणींबरोबर हाही तिथे जायचा.

मामा शिकारीचे शौकीन. त्यांनी भाच्याला हवेची छोटी बंदूक दिली. त्या बंदुकीने पोराने एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्याखाली पिवळा ठिपका! ही कुठली चिमणी? मामांना सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवलं. साहेबांनी चिमणी ओळखली, कपाटं उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले, पक्षी जतन कसे करायचे तेही शिकवलं. दहा-बारा वर्षांच्या पोराशी एक मोठा माणूस नीट बोलला, एवढीच ती गोष्ट. मला तर वाटतं, मिलार्डसाहेबांनी त्या दिवशी हसून वाटेला लावलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

अभ्यासात मात्र सालिम यथातथाच. डोकेदुखीने शाळा मध्येच सुटली, मॅट्रिक १९१३ साली कसंबसं झालं. कॉलेजचं पहिलं वर्ष जड गेलं, ते सोडून ब्रह्मदेशात तावॉय इथे घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यावर गेला. तिथे हिशेबापेक्षा रानात जास्त. १९१७ ला परत आला. घरच्यांनी व्यापारी कायदा आणि जमाखर्च शिकायला घातलं, तर सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी ओळखलं की या मुलाचा जीव प्राण्या-पक्ष्यांत आहे. मग सकाळी हे आणि नंतर ते, असं दोन्हीकडे शिकणं चाललं. प्राणिशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा झाला, पण विद्यापीठाची पदवी हाती आली नाही. १९१८ च्या डिसेंबरात नात्यातल्या तहमीनाशी लग्न झालं.

आता अर्ज. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागात पक्षीतज्ज्ञाची जागा होती. सालिम अलींना ती हवी होती. मिळाली नाही, कारण पदवी नव्हती. पुढे ज्यांच्या पुस्तकावरून अख्ख्या देशाने पक्षी ओळखले, त्यांना पक्ष्यांच्या नोकरीत कागदासाठी नकार! पण तेव्हा ते थोडंच कुणाला ठाऊक होतं? तेव्हा तो फक्त एक बेकार, लग्न झालेला तरुण होता.

१९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये (आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) निसर्ग विभाग नवा उघडला. तिथे गाइड लेक्चररची नोकरी लागली, पगार महिना ३५० रुपये. त्या काळी उत्तमच म्हणायचा. दोन वर्षांत मात्र ते कंटाळले. आपल्याला नीट शास्त्र येत नाही, ही बोच होती. म्हणून १९२८ साली रजा घेऊन जर्मनीला गेले. बर्लिनच्या म्युझियममध्ये प्राध्यापक स्ट्रेसेमान होते, त्यांनी मनापासून शिकवलं. तेव्हा सालिम अलींचं वय बत्तीसच्या आसपास. या वयात पुन्हा शिकाऊ व्हायचं, सोपं नसतं बरं का.

१९३० ला शिकून परत येतात तर काय, पैसे नाहीत म्हणून जागाच रद्द केलेली! शिक्षण वाढलं आणि नोकरी गेली.

इथे मला तहमीनाबद्दल बोलायचं आहे. सालिम अलींच्या गोष्टीत ती दोन ओळींत उरकली जाते. दोघं मुंबई सोडून अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. चांगल्या घरची, शहरात वाढलेली ती. नवऱ्याला नोकरी नाही, आणि नवरा दिवसभर झाडाकडे बघत बसलेला. आपल्यापैकी कितीजणींनी धीर धरला असता? खरं सांगायचं तर मी कटकट केली असती. तिने साथ दिली.

आणि त्या झाडावर होती सुगरण पक्ष्यांची वसाहत. सुगरण म्हटलं की आपल्याला वाटतं, घरटं विणणारी मादीच. सालिम अलींनी दिवसेंदिवस बसून पाहिलं आणि १९३१ साली छापलं ते निराळंच. विणतो नर! अर्धं घरटं झालं की माद्या येऊन आतबाहेर तपासतात. पसंत पडलं तर मादी तिथे राहते, नाही तर घरटं तसंच लटकत राहतं. ती अंडी उबवायला बसली की हे महाशय शेजारी दुसरं घरटं विणायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी. नाव आपलं आणि कारागिरी त्यांची!

नोकरी कुणी देत नाही म्हटल्यावर त्यांनी आपलं काम आपणच काढलं. संस्थानांकडे प्रस्ताव पाठवले की तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी मी करतो, मला मेहनताना नको, प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च तेवढा द्या. पहिल्या मोठ्या पाहण्यांतली एक हैदराबाद संस्थानची, १९३१-३२ ची. आपला राजुरा तेव्हा निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ नंतर आधी नांदेडला आणि १९५९ ला चंद्रपूरला जोडला गेला. म्हणजे आपल्या तेव्हाच्या राज्याच्या खर्चाने हा माणूस दऱ्याखोऱ्यांतून फिरला. तंबू, बैलगाड्या, ताप, डास आणि सोबत तहमीना. पुढे त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ.

हेही सांगायला हवं की तय्यबजी हे मोठं, खातंपितं घराणं. पडलं तर सावरायला माणसं होती. आपल्या मुलींच्या मागे तसं कुणी नसतं. त्यांना बिनपगारी शिका म्हणणं म्हणजे गरिबाच्या मुलीला दारातूनच परत पाठवणं. म्हणून मानधनाचा आकडा विचारायला लाजू नका, असं मी त्यांना सांगते. किती देणार, विमा आहे का, राहायची सोय कशी, सोबत दुसरी मुलगी आहे का... अर्ज करतानाच विचारून घ्यायचं.

१९३९ साली एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर तहमीना गेली. सालिम अली कोसळले. नंतर ते बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी राहू लागले. आई गेल्यावर मामी, मग बायको आणि आता बहीण. या माणसाचं घर कायम कुणा बाईने सांभाळलं, हे माझ्या मनातून जात नाही. १९४१ ला त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं सचित्र पुस्तक आलं आणि नाव घरोघर झालं.

स्वातंत्र्यानंतर सोसायटी पैशाअभावी अडचणीत आली, तेव्हा त्यांनी पंडित नेहरूंना लिहून मदत मिळवली. पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचे प्रवास शोधण्याचं काम उभं केलं. जाळी लावायला घेतले बिहारकडचे मीरशिकार. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडून विकणारी ही माणसं. आपल्याकडच्या फासेपारध्यांसारखंच त्यांचं ज्ञान हातात, कागदावर नाही. पदवीवाल्यांना जे जमेना ते या लोकांना एका फेकीत जमायचं. ज्याला कागदासाठी नाकारलं होतं, त्याने बिनकागदाच्या माणसांना कामावर घेतलं, हे मला त्यांच्या सगळ्या पदकांहून मोठं वाटतं. तशी पदकंही आली. १९५८ ला पद्मभूषण, १९७६ ला पद्मविभूषण, १९८५ ला राज्यसभा. आंतरराष्ट्रीय गेटी पुरस्काराचे पैसे त्यांनी निसर्ग संवर्धनाच्या निधीला दिले. भरतपूरचं पाणथळ रान आणि केरळातली सायलेंट व्हॅली वाचवायलाही त्यांचा शब्द उपयोगी पडला. १९८७ साली, नव्वदी ओलांडल्यावर ते गेले.

अर्जाच्या बाजूने पाहिलं तर शेवटी एक गंमत झाली. उतारवयात सालिम अली स्वतःच मार्गदर्शक झाले. एम.एस्सी., पीएच.डी.ची मुलं त्यांच्या हाताखाली शिकू लागली. त्यांतले पहिले विजयकुमार आंबेडकर. त्यांनी अभ्यासाला विषय घेतला तो सुगरण पक्ष्याचाच.