कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

नाताळच्या सुटींत आम्ही हरिहरेश्वरास गेलों होतों. काळभैरवाचें दर्शन घेऊन, खडकांतील चिंचोळ्या पायऱ्या उतरून, ओहोटीची वेळ साधून आम्हीं समुद्राकांठची प्रदक्षिणा केली. लाटांनीं पोखरून मधाच्या पोळ्यासारखे केलेले ते कातळ ज्यांनीं पाहिले नसतील त्यांनीं ते एकदां अवश्य पाहावे. परंतु परत येतांना आमचें लक्ष वेधलें तें एका पोफळीच्या वाडींतील विहिरीनें. विहिरीच्या कांठीं जुना राहाट मोडून पडला होता. त्याचे पोहरे केव्हांच नाहींसे झाले होते. शेजारीं एक लहानसा पंप पाटांत पाणी ओतीत होता, आणि त्याच्या अंगावर किर्लोस्कर हें नांव होतें. ज्या शिंपण्यासाठीं पूर्वीं रेडा सकाळभर फिरत असे, तें काम तें यंत्र थोड्या वेळांत उरकीत होतें. घाटावरच्या एका ओसाड माळावरून हें नांव या पोफळींच्या आळ्यांपर्यंत कसें पोंचलें, तें आमच्या विद्यार्थिबंधूंस सांगावें, असें तेथेंच मनांत आलें.

किर्लोस्करांचें मूळ कोंकणांतलेंच. मालवण तालुक्यांतील किर्लोस गांवावरून हें आडनांव पडलें. हरिहरेश्वर ज्यांचें कुलदैवत, ते श्रीवर्धनचे भट घाट चढून पुण्यास गेले आणि पेशवे झाले, हें आपण इतिहासांत वाचतों. किर्लोस्करांचे पूर्वजही तसेच घाट चढून गेले. लक्ष्मणरावांचा जन्म ता. २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. पाठांतराचा त्यांना कंटाळा, आणि चित्रें व यंत्रें यांचा मात्र नाद. शाळेच्या पुस्तकांत ज्याचें मन रमत नाहीं अशा मुलाविषयीं वडीलमाणसें जें बोलतात तें त्यांच्याही वांट्यास आलें असेल. पण वडील बंधु रामूअण्णा त्यांच्या पाठीशीं उभे राहिले, आणि १८८५ सालीं लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले.

तेथें एक विचित्र संकट उभें राहिलें. कांहीं रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना ओळखतां येत नाहीं, असें आढळून आलें. चित्रकारास याहून मोठा आघात कोणता? त्यांनीं रंग सोडले, पण रेषा सोडली नाहीं. यंत्रांचीं रेखाचित्रें काढण्याची विद्या त्यांनीं आत्मसात केली आणि व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते तोच विषय शिकवूं लागले. १८८८ सालीं बेळगांवास रामूअण्णांसह सायकलींचें दुकान निघालें. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडीत आणि रामूअण्णा त्या विकीत व लोकांना बसावयासही शिकवीत. पुढें संस्थेंत बढतीची वेळ आली तेव्हां लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यांत आली. लक्ष्मणरावांनीं राजीनामा दिला व ते बेळगांवास परतले. अपमानानें मनुष्य कडवट होतो, असें आपण पुष्कळदां पाहतों. लक्ष्मणरावांनीं आपला राग कामांत जिरवला.

सायकल ही त्या काळीं श्रीमंतांची चैन होती. खेड्यांतील शेतकऱ्यास तिचा काय उपयोग? लक्ष्मणराव बेळगांवच्या आसपासच्या शेतांकडे पाहूं लागले. कडबा विळ्यानें तोडतांना होणारी नासाडी त्यांनीं पाहिली, आणि कडबा कापण्याचें यंत्र बनविलें. हरळी-कुंद्यानें भरलेल्या काळ्या जमिनींत लांकडी नांगर किती थोडा शिरतो, हेंही पाहिलें, आणि लोखंडी नांगर ओतला. नांगर तयार झाला, पण घेणारा कोणी नव्हता! लोखंडानें भुईला विष चढतें व ती नापीक होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिलें गिऱ्हाईक मिळण्यास दोन वर्षें लागलीं. हीं दोन वर्षें आम्हांस त्यांच्या चरित्रांतील सर्वांत कठीण काळ वाटतात. कारण शेतकऱ्यांस मूर्ख म्हणून हात झटकणें सोपें होतें. वर्षाचें पीक ज्याच्या एका नांगरटीवर अवलंबून आहे, त्यानें नव्या वस्तूची धास्ती घ्यावी, यांत नवल तें काय?

इतक्यांत बेळगांवच्या नगरपालिकेस शहर वाढविण्यासाठीं कारखान्याची जागा हवी झाली. उभारलेलें सारें उचलून न्यावयाचें कोठें? या अडचणींत औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि धांवून आले. हे राजे स्वतः उत्तम चित्रकार होते; एका चित्रकाराच्या मदतीस दुसरा आला, असें म्हणावयास हरकत नाहीं. त्यांनीं दहा हजार रुपये कर्ज दिलें आणि कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन देऊं केली. जमीन म्हणजे निवडुंग, दगड व साप. १० मार्च १९१० रोजीं पंचवीस कामगार आपल्या बायकामुलांसह तेथें उतरले. आज सांगली जिल्ह्यांत असलेली किर्लोस्करवाडी ती हीच.

कारखाना म्हणजे चार भिंती व एक चिमणी, अशी लक्ष्मणरावांची कल्पना नव्हती. निवडुंग काढून घरें बांधलीं, झाडें लावलीं. वस्तीची व्यवस्था रामूअण्णांनीं आपल्या अंगावर घेतली. तेथें अस्पृश्यता पाळावयाची नाहीं, असा निर्बंध होता, आणि तो अमलांत येत असे. सहकाऱ्यांची त्यांची निवडही जगावेगळी. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथें कल्पक यंत्रज्ञ ठरले; शिक्षणांत यश न आलेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापक झाले. परीक्षेच्या निकालानें खिन्न होणाऱ्या आमच्या मित्रांनीं हीं नांवें ध्यानांत ठेवावींत. याहून धाडसाची गोष्ट पुढेंच आहे. वस्तीच्या राखणीसाठीं लक्ष्मणरावांनीं निवडले ते तुकाराम आणि पिऱ्या, दोघेही पूर्वींचे दरोडेखोर! ज्यांच्या भयानें लोक दारें लावीत, त्यांच्याच हातीं त्यांनीं रात्र सोंपविली, आणि त्या दोघांनीं तो विश्वास राखला.

पहिलें महायुद्ध (१९१४-१८) सुरू झालें तेव्हां परदेशी लोखंड येईना. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं पडून असलेल्या जुन्या तोफा दिल्या. त्या भट्टींत वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. निरुपयोगी म्हणून टाकलेली माळजमीन, निरुपयोगी म्हणून टाकलेलीं माणसें, निरुपयोगी म्हणून टाकलेल्या तोफा, हें सारें या एकाच वाडींत कामास लागलें. १९२० सालीं पुतणे शंकरराव यांनीं किर्लोस्कर खबर हें मासिक काढलें, तेंच पुढें किर्लोस्कर या नांवानें घरोघर गेलें. १९२६ पासून वाडींत पंप होऊं लागले.

आज शेतकीशास्त्र सांगतें कीं, जमीन उगीच दरवर्षीं खोल उलथूं नये. उताराची माती पावसानें वाहून जाते. तेव्हां लोखंडी नांगर सर्वत्र आणि सर्वकाळ हितकर, असें आम्ही म्हणत नाहीं. हरिहरेश्वराच्या भातखाचरांत तर हलका नांगरच बरा. पंपाचेंही तसेंच आहे. विहिरींत पाणी किती आहे हें राहाटास उपजतच कळे. यंत्रास तें माणसानें सांगावें लागतें. हरळीनें गांजलेल्या शेतकऱ्याची जी गरज लक्ष्मणरावांना दिसली ती मात्र खरी होती, आणि तिच्यासाठीं त्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें.

ता. २६ सप्टेंबर १९५६ रोजीं ते निवर्तले. १९६९ सालीं, त्यांच्या जन्मशताब्दीस, भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें. हरिहरेश्वराच्या त्या वाडींतून आम्ही निघालों तेव्हां पंप बंद झाला होता, आणि वाडीवाले आजोबा फावडें घेऊन एकेका पोफळीच्या आळ्यांत पाणी वळवीत होते.