गोपुरीतील झोपडी

वर्धा शहराच्या वेशीबाहेर, नालवाडीच्या वाटेवर, १९४१ सालच्या नोव्हेंबर महिन्यात एक लहानशी झोपडी गजबजली. तिच्या आसपास गाई बांधलेल्या असत. ह्या जागेला गोपुरी असे नाव मिळाले होते. झोपडीत राहावयास आलेले गृहस्थ नुकतेच बावन्न वर्षांचे झाले होते. शहरात त्यांचे मोठे घर होते, कापसाच्या व्यापारात पेढीचा लौकिक होता, आणि देशातील थोर पुढारी वर्ध्यास आले की त्यांच्याच बंगल्यात उतरत. असा हा धनिक सारे सोडून गाईंच्या सोबतीला का आला, हे समजून घेण्यासाठी त्याच्या बालपणापर्यंत मागे जावे लागते. हे गृहस्थ म्हणजे शेठ जमनालाल बजाज.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानातील सीकर संस्थानात, काशी का बास नावाच्या खेड्यात झाला. वडील कनीराम हे साधे शेतकरी, आई बिरदीबाई. वर्ध्याचे शेठ बच्छराज आणि त्यांची पत्नी सद्दीबाई ही दोघे एकदा त्या गावी गेली होती. त्यांचा दत्तक मुलगा वारला होता व घर सुने झाले होते. अंगणात खेळणारा छोटा जमन सद्दीबाईंच्या मनात भरला. त्यांनी त्याचे कौतुक केले, तेव्हा आईने रीतीप्रमाणे तो तुमचाच आहे असे म्हटले. सद्दीबाईंनी तो शब्द धरून ठेवला. आई पेचात पडली. पण बोललेला शब्द मागे घेणे त्या घराला रुचणारे नव्हते. अशा रीतीने १८९४ साली पाच वर्षांचेही नसलेले ते मूल नातू म्हणून वर्ध्यास आले. मोबदला म्हणून पैसे घेण्यास कनीरामांनी नकार दिला. त्या कोरड्या मुलखात पाण्याचे हाल फार; म्हणून गावासाठी एक विहीर खोदून द्यावी, एवढेच त्यांनी मागितले. बच्छराजांनी ती विहीर बांधून दिली.

१९०२ साली, बारा वर्षांच्या जमनालालांचा नऊ वर्षांच्या जानकीदेवींशी विवाह झाला. घरात पैसा होता, पण मुलाची ओढ निराळी होती. सतरा वर्षांचा असताना एका लग्नसमारंभास जाण्यासाठी दागिने घालण्याचा आग्रह झाला आणि त्याने तो मोडला. आजोबा रागाच्या भरात आपल्या संपत्तीविषयी टाकून बोलले. जमनालालांनी शांतपणे त्या सर्व संपत्तीवरील आपला हक्क सोडल्याचे लिहून दिले आणि घर सोडले. पुढे आजोबांचा राग निवळला व नातू परत आला; परंतु हे धन आपले नव्हे, आपण केवळ त्याचे राखणदार आहोत, ही भावना त्यानंतर कायम राहिली.

नागपूर हे वर्ध्यापासून सुमारे पंचाहत्तर किलोमीटरवर. जमनालालजींच्या आयुष्यातील मोठी वळणे ह्या शहरात आली. १९२० च्या डिसेंबरात नागपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा ते स्वागताध्यक्ष होते. याच अधिवेशनाच्या वेळी त्यांनी महात्मा गांधींकडे एक विलक्षण मागणी केली. गांधीजींना चार पुत्र होते. आपल्याला पाचवा मानावे, असे त्यांनी विनविले. लहानपणी दत्तक जाताना त्यांना कोणी विचारले नव्हते. ह्या वेळी मात्र पिता त्यांनी स्वतः निवडला. पुढच्याच वर्षी सरकारने दिलेली रायबहादुर ही पदवी त्यांनी परत केली.

१९२३ साली नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. राष्ट्रीय निशाण घेऊन सिव्हिल लाइन्सच्या भागात जाण्यास सरकारने मनाई केली होती. ती मोडण्यासाठी ठिकठिकाणचे स्वयंसेवक नागपुरास लोटू लागले. जमनालालजी ह्या लढ्याचे नेतृत्व करीत होते. त्यांना जून महिन्यात अटक झाली व कारावासाबरोबर ३,००० रुपयांचा दंडही ठोठावण्यात आला. दंड भरला नाही म्हणून सरकारने त्यांची मोटार जप्त केली. पण लिलावात बोली बोलावयास नागपुरात माणूस मिळेना. शेवटी ती मोटार विकण्यासाठी दूर काठेवाडात धाडावी लागली!

ह्या साऱ्या धामधुमीत घरही बदलत होते. पतीच्या इच्छेवरून जानकीदेवींनी सोन्याचे दागिने उतरविले, पडदा सोडला आणि खादी नेसावयास सुरुवात केली. घरातील विलायती कापडाची होळी झाली. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चालीरीती एका स्त्रीने अशा एकामागून एक सोडणे त्या काळी सोपे नव्हते. नातेवाइकांची नाराजी सोसावी लागे, ती निराळीच. १९२८ साली बजाज घराण्याचे वर्ध्यातील लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले झाले, तेव्हा तर जातभाई फारच रागावले. घर डगमगले नाही.

वैयक्तिक सत्याग्रहात जमनालालजींना पुन्हा कैद झाली आणि त्यांना नागपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे प्रकृती ढासळली. १९४१ मध्ये आजारपणामुळे सरकारने त्यांना मुदतीपूर्वी सोडले. ते हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन राहिले, साधुसंतांना भेटले; तरी मनाची तगमग थांबेना. तुरुंगात पुन्हा जाण्याजोगे शरीर उरले नव्हते. व्यापारात मन रमत नव्हते. राजकारणातील वादांचा कंटाळा आला होता. उरलेले दिवस कशात घालवावे, हा प्रश्न घेऊन ते गांधीजींकडे आले. गांधीजींनी गोसेवेचे काम सुचविले, आणि जमनालालजींना आपली वाट सापडली. सप्टेंबर १९४१ अखेर वर्ध्यास गोसेवा संघ स्थापन झाला. थोड्याच दिवसांत ते गोपुरीच्या झोपडीत राहावयास गेले.

गाईला देवता म्हणून हात जोडणारा देश तिला पोटभर वैरण देत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली होती. म्हशीच्या दुधात लोणी अधिक निघते, म्हणून गवळी म्हशीला सरकी आणि पेंड चारी. गाय मात्र रानात जे मिळेल त्यावर जगे. दूध आटले की तिला विकून टाकीत. वास्तविक विदर्भाची सारी शेती बैलांवर चाले. काळ्या जमिनीत नांगर ओढणे, कापसाच्या गाड्या बाजारात पोहोचविणे, ही कामे बैलाचीच. उन्हाच्या तडाख्यात रेडा तेथे टिकत नाही. ज्या मायलेकरांच्या जिवावर शेतकरी जगत होता, त्यांतील माय उपाशी होती.

नागपूर आणि वर्धा भागात गवळाऊ नावाची गाईची जात आहे. पांढरा किंवा राखी रंग, लांबट तोंड, सडपातळ बांधा आणि चपळ चाल ही तिची खूण. मराठ्यांच्या फौजांना झपाट्याने पुढे जाण्यासाठी ह्या जातीचे बैल उपयोगी पडत, असे सांगतात. अशा गाईंची निगा नीट राखली, उत्तम वळू निवडले, वैरणीची सोय केली, तर त्या दूधही देतील आणि शेतीला बैलही, असा गोसेवकांचा विश्वास होता. म्हणून संघाच्या नावात रक्षण हा शब्द न घेता सेवा हा शब्द घेतला होता. कोणाशी भांडून गाय वाचत नाही. तिचे शेण काढावे लागते, गोठा कोरडा ठेवावा लागतो, वासराला दूध पुरते की नाही हे पाहावे लागते. संघाच्या सदस्याने गाईचेच दूध व तूप वापरावे आणि चामडे वापरावयाचे तर आपल्या मरणाने मेलेल्या जनावराचेच वापरावे, असा नियम होता. गाईचे तूप बाजारात सहज मिळत नसे. तेव्हा नियम ऐकावयास लहान असला तरी स्वयंपाकघरात तो पाळणे अवघड होते.

पेढीच्या हिशेबात मुरलेले मन आता वैरण, गोठा आणि वळू ह्यांचा विचार करू लागले. गाईंच्या सहवासात त्यांना जी शांती लाभली, ती हिमालयाच्या पायथ्याशीही लाभली नव्हती. १९४२ च्या फेब्रुवारीच्या आरंभी त्यांनी वर्ध्यास गोसेवकांची परिषद भरविली. काम आता कोठे रुजू लागले होते.

आणि ११ फेब्रुवारी रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन जमनालालजींचा अकस्मात अंत झाला. सेवाग्रामहून गांधीजी धावून आले. पण तोवर सारे आटोपले होते. गोपुरीत, त्यांच्या झोपडीजवळच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. ती झोपडी पुरते चार महिनेही त्यांच्या वाट्याला आली नाही.

जानकीदेवींच्या दुःखाला सीमा नव्हती. नवव्या वर्षापासून ज्यांच्या पावलावर पाऊल ठेवले, त्यांच्याबरोबर आपणही सती जावे, असे त्यांना वाटले. गांधीजींनी त्यांना त्या विचारापासून परतविले. पतीचे अपुरे काम उचलून धरणे हेच खरे सतीपण, असे त्यांनी समजाविले. त्यांचे म्हणणे जानकीदेवींनी मानले. आपल्या मालकीचे जे काही धन होते ते त्यांनी गोसेवेला अर्पण केले आणि गोसेवा संघाचे अध्यक्षपद स्वीकारले. सभांची सवय नसलेली ही बाई गाईंसाठी गावोगाव फिरू लागली.

पुढे विनोबाजींनी भूदानाची चळवळ सुरू केली, तेव्हा जानकीदेवी त्यांना जाऊन मिळाल्या. नुसती जमीन मिळून काय उपयोग? पिकाला पाणी हवे, दावणीच्या जनावरालाही पाणी हवे. त्यांनी कूपदानाचे काम हाती घेतले. ऐपतदार लोकांकडे जाऊन त्या दान मागत, आणि त्यातून शेतकऱ्यांसाठी विहिरी खोदल्या जात. १९५६ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला. १९७९ साली त्यांचे निधन झाले. सासरे कनीराम ह्यांनी आपला मुलगा देताना एक विहीर मागितली होती. त्यांच्या सुनेने अनोळखी लोकांच्या दारात उभे राहून आणखी किती तरी विहिरी मागून आणल्या.