सर रोनाल्ड रॉस : पाहणे आणि ओळखणे

आम्हां हैदराबादकरांच्या बेगमपेठेत सर रोनाल्ड रॉस यांच्या नावाने ओळखली जाणारी एक जुनी वास्तू आहे. डास आणि हिवताप यांच्या नात्याचा पहिला भक्कम पुरावा १८९७ साली याच परिसरात हाती आला.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे झाला. ओढा काव्य, संगीत आणि गणित यांकडे. वैद्यक शिकले ते पित्याच्या इच्छेखातर. १८८१ मध्ये ते हिंदी वैद्यकीय सेवेत दाखल झाले.

लाव्हराँ या फ्रेंच वैद्यास १८८० मध्येच रुग्णाच्या रक्तात हिवतापाचे जंतू आढळले होते. रॉस यांनीही पुष्कळ रक्त तपासले. पण जंतू काही दिसेनात. लाव्हराँ यांच्या शोधाविषयी शंका घेणारे लेखही त्यांनी लिहिले! पुढे १८९४ मध्ये लंडन येथे डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनी ते जंतू त्यांना प्रत्यक्ष दाखविले आणि मग ते त्यांस दिसू लागले. डोळे तेच होते. बदलले होते ते मन. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने याचे मर्म आधीच सांगितले होते. डोळ्यात उमटते ती केवळ प्रतिमा. तिचा अर्थ मन पूर्वानुभवावरून, आपल्या नकळत लावीत असते. ओळख पटण्याचे बरेचसे काम जाणीव होण्यापूर्वीच मेंदूत उरकलेले असते, हे आज आपणांस ठाऊक आहे.

१८९५ मध्ये रॉस सिकंदराबादेस आले. उकाडा असह्य, पण पंखा ओढवावा तर चिरलेले डास उडून जात. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले, भिंगास तडा गेला. हुसेन खान नावाचा रुग्ण डासामागे एक आणा घेऊन स्वतःस चावून घेई. त्याचे साहसही आम्हांस लहान वाटत नाही. २० ऑगस्ट १८९७ रोजी, पंखांवर ठिपके असलेल्या एका डासाच्या जठरभित्तीत रॉस यांस वाटोळ्या पेशी दिसल्या. त्यांत काळे कण होते. इतरांस ती धूळच वाटली असती. रॉस यांनी मात्र तो काळा रंग रुग्णांच्या रक्तात वारंवार पाहिलेला होता!

१८९८ मध्ये कलकत्त्यास पक्ष्यांवर प्रयोग करून, जंतू डासाच्या लाळग्रंथींत पोचतात हे त्यांनी सिद्ध केले. १९०२ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक लाभले. साचलेले पाणी हटवून डासांची पैदास रोखावी, या प्रचारासाठी ते पश्चिम आफ्रिकेत आणि सुएझ कालव्याकाठच्या इस्माइलियातही गेले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडन येथे ते निवर्तले.