जकार्ताचे गव्हर्नर अली सादिकीन

वाचकहो, सत्ता ही अमानत आहे, हे आपण नेहमी ऐकतो. ती सांभाळताना हेतू नेक असला तरी साधन कसे चुकते, हे इंडोनेशियाच्या अली सादिकीन यांच्या चरित्रात पाहा.

पश्चिम जावातील सुमेदांगचे सादिकीन नौदलाच्या मरीन दलात अधिकारी होते. १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी त्यांना राजधानी जकार्ताचे गव्हर्नर नेमले. वस्ती दाट, तिजोरी रिकामी. सादिकीन यांनी जुगाराला परवाने देऊन त्यावर कर बसविला. त्या पैशातून रस्ते व शाळा उभ्या राहिल्या. १९६९ पासून गरीब वस्त्यांत पक्क्या वाटा, गटारे आणि पाणी पोहोचू लागले. उलेमांनी आक्षेप घेतला, तेव्हा हे रस्ते नको असतील तर हेलिकॉप्टरने फिरा, असा टोला त्यांनी लगावल्याचे सांगतात.

टोल्याने प्रश्न मात्र सुटला नाही. ज्या घरची मजुरी जुगारात गेली, त्या घराला नवा रस्ता काय देणार? कुरआनने लाभ आणि पाप दोन्ही तोलूनच जुगार निषिद्ध ठरविला आहे.

तरीही त्यांचे उत्तरायुष्य विसरू नका. १९७७ मध्ये पद सुटले. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्यावर टीका करणाऱ्या पन्नास जणांच्या निवेदनावर माजी पंतप्रधान मुहम्मद नासिर यांच्यासह त्यांनी सही केली. परदेशप्रवास बंद झाला. ते मागे हटले नाहीत. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले.

वाचकहो, त्यांचे धैर्य घ्या, साधन नको. मशिदीची वर्गणी स्वीकारताना ती कोणत्या कमाईतून आली, हे विचारायलाही धैर्यच लागते.