डॉक्टरांनी वाचवलेला मुलगा

लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्याला होणारा कर्करोग वैद्यकाला नवा नव्हता. स्कॉटलंडचे शल्यचिकित्सक जेम्स वॉर्ड्रॉप यांनी १८०९ मध्येच त्याचे सविस्तर वर्णन केले होते. डोळा वेळीच काढला तर मूल वाचेल, असेही त्यांनी सुचवले होते. पण तो काळ भूल देण्याची सोय नसलेला. बहुतेक मुले दगावत. जे मूल संसाराला लागेपर्यंत जगतच नाही, त्याचा आजार पुढच्या पिढीत उतरतो की नाही, हे कळावे कसे?

ते कळले दूर ब्राझीलमध्ये. इलारिओ द गोव्हेया यांचा जन्म १८४३ चा. रिओ द जानेरोत नेत्रवैद्य म्हणून त्यांनी मोठे नाव मिळवले. गुलामगिरीविरुद्ध लढणारे जोआकिम नाबुको हे त्यांचे मेहुणे. राजकारणाची झळ गोव्हेया यांनाही लागली. १८९३ च्या आरमारी बंडाच्या धामधुमीनंतर त्यांना काही काळ पॅरिसमध्ये काढावा लागला.

मात्र वैद्यकाच्या इतिहासात ते राहिले एका मुलामुळे. १८७२ मध्ये त्यांनी या मुलाचा रोगग्रस्त डोळा काढला. मुलगा वाचला, मोठा झाला. ज्या घराण्यात हा आजार नव्हता, तिथल्या मुलीशी त्याचे लग्न झाले. त्यांना सात मुले झाली आणि त्यांतल्या दोन मुलींना बापाचाच आजार निघाला! ज्याला आपण मृत्यूच्या दारातून परत आणले, त्याच्याच लेकींचे डोळे तपासताना डॉक्टरांना काय वाटले असेल? त्यांनी या घराण्याची नोंद जपली आणि १९१० मध्ये ती फ्रेंच नेत्रवैद्यक नियतकालिकात सविस्तर मांडली. १९२३ मध्ये ते गेले.

या नोंदीमागचे कोडे १९७१ मध्ये अमेरिकेचे आल्फ्रेड नडसन यांनी उलगडले. या कर्करोगाला रोखणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती प्रत्येक पेशीत असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. दोन्ही निकामी झाल्या की गाठ धरते. काही मुलांत बिघडलेली एक प्रत जन्मापासूनच सर्व पेशींत असते. त्यांच्या बाबतीत आणखी एक बिघाड पुरतो, म्हणून आजार लवकर आणि अनेकदा दोन्ही डोळ्यांत होतो. अशा व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याकडे ती प्रत जाण्याची शक्यता निम्मी. निम्म्याहून अधिक रुग्णांत मात्र दोन्ही बिघाड पडद्याच्या एकाच पेशीत होतात. तो आजार पुढच्या पिढीत जात नाही.

आज हा जनुक ओळखता येतो. घरात पूर्वी कुणाला हा आजार झाला असेल, तर बाळाचे डोळे जन्मापासूनच ठरावीक काळाने तपासून घेतात. आणि इतरांनीही एक लक्षात ठेवावे. बाळाच्या बुबुळात किंवा फ्लॅशने काढलेल्या छायाचित्रात पांढरी चमक दिसली, तर वाट न पाहता नेत्रतज्ज्ञांकडे जावे. त्या दोन लेकींच्या वेळी कुणाला ठाऊक नव्हते ते आज आपल्याला ठाऊक आहे.