बाबासाहेबांच्या मधुमेहाबद्दल आपण का बोलत नाही?

बाबासाहेबांचा जीवनपट आपल्यातल्या बहुतेकांना तोंडपाठ आहे. महू, सातारा, एल्फिन्स्टन, कोलंबिया, महाड, येवला, संविधान, नागपूर. त्यांच्या शरीराची गोष्ट मात्र आपण एका वाक्यात संपवतो: प्रकृती साथ देत नव्हती, तरी ते काम करत राहिले. प्रकृतीला नेमकं काय झालं होतं असं विचारलं, की बरेच कार्यकर्ते गप्प होतात. आणि ६ डिसेंबरचा विषय निघाला की चर्चा थेट कटकारस्थानाकडे वळते. त्या मृत्यूची सरकारी चौकशी झाली, मृत्यू नैसर्गिक असल्याचा निष्कर्षही निघाला, तरी माईसाहेबांवरचा संशय पुढची कित्येक वर्षं संपला नाही. या गदारोळात बाबासाहेबांना आतून पोखरणारा आजार बाजूलाच पडला. तो मधुमेह होता. आज तो आपल्या वस्त्यांमध्ये घराघरांत आहे.

विद्यार्थी असल्यापासून बाबासाहेबांनी शरीराला कधी सवलत दिली नाही. १९२० ते १९२३ या लंडनच्या वर्षांत ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर वाचन, अपुरं जेवण आणि रात्री पुन्हा अभ्यास असा त्यांचा क्रम होता. मुंबईत आल्यावर वकिली, प्राध्यापकी, सभा, वर्तमानपत्रं आणि रात्री उशिरापर्यंत पुस्तकं. घरात एकापाठोपाठ एक लेकरं गेली, १९३५ मध्ये रमाई गेल्या. यातल्या कशामुळे मधुमेह झाला असा हिशोब कुणी मांडू नये, तो तसा मांडता येत नाही. पण प्रौढ वयातला मधुमेह एका रात्रीत येत नाही. निदान होण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून रक्तातली साखर हळूहळू चढत असते. त्या काळात हे चढणं दुखत नाही, खुपत नाही.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये संविधानाचा मसुदा सादर झाला. याच दिवसांत बाबासाहेबांच्या पायांतल्या मज्जातंतूंच्या वेदना इतक्या वाढल्या, की झोप लागेना. इन्सुलिन चालू होतं. उपचारांसाठी ते मुंबईत डॉ. मालवणकरांकडे येत आणि मुंबईतच डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा परिचय झाला. पथ्याचं जेवण आणि औषधपाणी सांभाळणारं माणूस घरात हवं, असा डॉक्टरांचा आग्रह होता. १५ एप्रिल १९४८ रोजी, सत्तावन्नाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, दिल्लीत त्यांचा विवाह झाला. शारदा कबीर माईसाहेब झाल्या.

तेव्हाची साखर तपासण्याची रीत समजून घेतली, तर बाबासाहेबांच्या पिढीचं दुर्दैव कळतं. रोजची तपासणी लघवीची असे. निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून ते उकळायचे आणि रंग हिरवा, पिवळा की विटकरी होतो ते पाहायचं. आता गंमत अशी, की रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. म्हणजे रंग बदलेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असायचा. घरी वापरायचा ग्लुकोमीटर नव्हता. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी नव्हती. मधुमेहाच्या आधीच्या टप्प्याला आज प्रीडायबिटीस म्हणतात, त्याचे आजच्यासारखे ठरलेले आकडेही नव्हते. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या असलेल्या, देशाच्या कायदामंत्र्यालाही ही सूचना मिळण्याची सोय नव्हती. आज ती गल्लीतल्या लॅबमध्ये थोड्या पैशांत मिळते, आणि आपण रिपोर्ट फ्रिजवर ठेवून विसरतो.

तर तो रिपोर्ट वाचायचा कसा? किमान ८ तास पाण्याशिवाय काहीही न घेता सकाळी दिलेल्या रक्तात साखर १०० च्या खाली असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे प्रीडायबिटीस. १२६ किंवा जास्त, आणि तेही दोन वेळा, म्हणजे मधुमेह. (काही डॉक्टर जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने ११० पासून धोका धरतात, त्यामुळे १०४ वर दोघांचं मत वेगळं पडू शकतं.) एचबीएवनसी ५.७ ते ६.४ असेल तर प्रीडायबिटीस, ६.५ पासून मधुमेह.

रात्री काहीच खाल्लं नाही, मग सकाळी साखर कशी वाढली, हा प्रश्न वस्तीत हमखास येतो. उत्तर यकृतात आहे. आपण झोपलेलो असताना शरीर चालू ठेवण्यासाठी यकृत साठवलेली साखर रक्तात सोडत राहतं. पहाटे कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात आणि ते जास्त साखर सोडतं. इन्सुलिनचं काम नीट चालू असेल तर ही वाढ आवरली जाते. ते कमी पडू लागलं, की त्याची खूण सकाळच्या आकड्यात दिसू शकते. अपुरी झोप, ताप, ताण यांनीही आकडा चढतो. म्हणून एका सकाळच्या ११२ वरून स्वतःला रोगी ठरवू नका, पण दोन-तीन वेळा तेच येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. घरातलं मशीन अंदाजासाठी असतं, निदान लॅबच्या रक्तावरच.

बाबासाहेबांना हा आजार कुठे भिडला हे त्यांच्या राजकारणातही दिसतं. ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांनी नेहरूंना लिहिलं, की प्रकृतीची चिंता वाटते, डॉक्टरांच्या हवाली होण्याआधी हिंदू कोड बिल मार्गी लागावं. बिल रखडलं, सप्टेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक हरल्यावर जून ते ऑक्टोबर ते जवळजवळ अंथरुणाला खिळले होते. औषधांचा त्रास होता, दृष्टी अधू झाली होती. वाचन हाच ज्यांचा श्वास, त्यांचे डोळे जाऊ लागले. याच अवस्थेत बुद्ध आणि त्यांच्या धम्माचा ग्रंथ लिहून होत होता. मार्च १९५६ च्या प्रस्तावनेत आपण वाचलो याचं श्रेय त्यांनी माईसाहेब आणि डॉ. मालवणकरांना दिलं. १९५७ मध्ये ग्रंथ छापला गेला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. माझ्या मते, आजाराबद्दलचं आपलं मौन तिथूनच सुरू झालं.

त्यांच्या जागरणाचं अनुकरण मात्र आपण मनापासून करतो. बैठक रात्री अकराला संपते, मग वडापाव, मग गोड चहा, झोप दोनला, सकाळी नाश्त्याऐवजी पुन्हा चहा-बिस्किट. जयंतीच्या महिन्यात तर जिलेबी आणि सरबताला खंड नसतो. भारतीयांना कमी वजनातही मधुमेह होतो, पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि बायांमध्ये ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की धोका वाढतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटींना प्रीडायबिटीस आहे. दुसरा आकडा मोठा आहे, पण त्यातल्या लोकांना अजून मागे फिरता येतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगात आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि सुमारे ७ टक्के वजन कमी करण्याचं ध्येय ठेवलेल्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. जेवणातला संयम आपल्याला नवा नाही. अति खाऊन धापा टाकत आलेल्या पसेनदी राजाला तथागतांनी मात्रेत जेवायला सांगितलं, आणि राजाने रोज जेवताना तो उपदेश ऐकवायला एका तरुणाला नेमलं, ही कथा संयुत्त निकायात आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात हातात काठी घेऊन, शेजारी माईसाहेब असताना, बाबासाहेब उभे राहिले आणि लाखोंना दीक्षा दिली. नोव्हेंबरमध्ये त्याच शरीराने ते काठमांडूला बौद्ध परिषदेत जाऊन बोलले. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीत २६, अलीपूर रोडवर आपल्या ग्रंथाची प्रस्तावना चाळून झोपले, ते उठले नाहीत. वय ६५.

येत्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात नेहमीप्रमाणे आरोग्य शिबिरं असतील. तिथे बोटाला टोचून पाहिलेली साखर चहा-नाश्त्यानंतरची असते, तिला वरचे उपाशीपोटीचे आकडे लावू नका. १४० च्या पुढे दिसली तर कागद खिशात घालून घरी या आणि त्याच आठवड्यात उपाशीपोटी रक्त द्या. सरकारी आरोग्य केंद्रात ३० वर्षांवरच्या सगळ्यांची साखर तपासण्याची योजना आहे. आई-वडिलांना मधुमेह असेल तर पंचविशीतही तपासून घ्या, आणि जाताना त्यांनाही सोबत न्या.